पांढऱ्या पियानोमागचा सिरिल

रॉनी : ...आणि स्पीकर पियानोच्या पोटात. तू पाद्रीबाबांच्या कपडे बदलायच्या खोलीत बसून वाजवायचं, दार किलकिलं. एकोणतीस वर्षं आपण केलं तेच, सिरिल. फक्त पडद्याऐवजी दार.

सिरिल : म्हणजे बढतीच झाली म्हणायची माझी.

एनिड : चहात दूध किती, रॉनी? गाणाऱ्या माणसाच्या घशाचं आम्हाला काय कळणार!

रॉनी : थोडंसं. एनिड, तू तरी समजाव तुझ्या नवऱ्याला. माझ्या नातीचं लग्न आहे शनिवारी. टॅन्सी म्हणते, "आजोबा, मी चर्चमध्ये पाऊल टाकलं की तुम्ही पियानो वाजवायचा. तुम्ही स्वतः."

सिरिल : मग वाजव की.

रॉनी : लेका, मला पियानोचं झाकण उघडता येतं. पुढचं सगळं तू करायचास!

एनिड : पण काय दिसायचास रे! पांढराशुभ्र पियानो, मागे टाकलेली मान, बोटं नुसती भिरभिरतायत...

सिरिल : भिरभिरणारच. आत तारा कुठे होत्या? बर्फात ठेवलेली बिअर होती, ड्रमवाल्याची.

रॉनी : उगाच जुनं उकरू नकोस.

सिरिल : लीड्सला यानं भर गाण्यात दोन्ही हात वर करून टाळ्या मागितल्या, एनिड. मागे मी आपला वाजवतोच आहे!

रॉनी : दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'रॉनी पायानंही वाजवतो'. मी खुलासा केला नाही.

एनिड : आणि आमच्याकडे काय? सहा बँड, सतरा रेकॉर्डी, आणि एका कव्हरावर सिरिलचं नुसतं कोपर. ते बघ, फ्रेम करून लावलंय.

रॉनी : चांगलं आलंय कोपर.

सिरिल : डावं आहे.

रॉनी : हे बघ, नाव नाही छापलं, फोटो नाही काढला, सगळं कबूल. पण तीन बायका सोडून गेल्या, पोरगा बोलत नाही. मला कुणीतरी समजणारी ही एकटी पोर उरलीय. तिच्यासमोर उघडा पडलो, तर संपलंच रे माझं.

सिरिल : मी त्या खोलीत येणार नाही.

रॉनी : एवढा राग?

सिरिल : राग कसला? मला लग्नाचं आमंत्रण आहे. आमंत्रण असलेला माणूस कपडे बदलायच्या खोलीत बसतो का?

रॉनी : आमंत्रण? तुला? कुणाचं?

एनिड : (कपाटातून पत्र काढत) नवरीचं. वधूकडची बाजू, दुसरी रांग. मी टोपीसुद्धा घेतलीय. वाचू?

सिरिल : नको वाचूस.

एनिड : "प्रिय सिरिलकाका, सात वर्षांची असताना मी पडद्यामागे तुमच्या शेजारी बसून आल्याची बिस्किटं खायचे. वाजवतं कोण, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. माझ्या लग्नात तुम्ही वाजवा, पण सगळ्यांसमोर बसून. आजोबांना शेजारी बसवा. मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका, त्यांना फार लागेल."

रॉनी : मग सांगितलंस कशाला?

सिरिल : मी कुठे सांगितलं? हिनं वाचलं.

रॉनी : तिच्या प्रत्येक वाढदिवसाला पाहुणे वाजवायचा आग्रह करायचे. मी म्हणायचो, बोट दुखतंय. आणि ती लगेच पट्टी आणून बांधायची.

एनिड : घट्ट बांधायची?

रॉनी : फार.

एनिड : चहा निवला तुझा. दुसरा टाकते.

सिरिल : ऊठ. खुर्ची ओढ माझ्या या पियानोपाशी. डावीकडचं सगळं मी बघतो. उजवीकडच्या या पाच पट्ट्या तुझ्या.

रॉनी : पाच? शनिवारपर्यंत?

सिरिल : बरं, तीन.

रॉनी : आणि चुकलो तर?

सिरिल : चुकच. लोकांना पटेल तरी, की वाजवतोयस तू.