गिझरचा कागद

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीत, स्वतःच्या हातानं चार वायरी ओढल्या तर त्याला मार किती पडावा? बायकोचा वेगळा, मेव्हण्याचा वेगळा आणि परवानेवाल्या बाईंचा वेगळा, असा तिन्ही बाजूंनी मी मार खाल्लाय, आणि कशापायी, तर एका कागदापायी.

मी लेव्हलिन याफ्ता, इथं दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथच्या गेल्व्हनडेल वस्तीत राहतो. सव्वीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात दारं बसवतोय, म्हणजे हाताला वळण आहे हो माझ्या! मग मागच्या न्हाणीघरात एक नवा गिझर लावायचा तर वायरमन कशाला बोलवा? शनिवारी सकाळी बसलो. आता लोडशेडिंगचं वेळापत्रक आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा पाठ. दहा ते साडेबारा वीज नाही. म्हटलं, उत्तम, मेन स्विचकडे बघायलाच नको. अडीच तासांत सगळं जोडलं आणि मग तपासलंसुद्धा, उगीच बेजबाबदार म्हणू नका मला. प्रत्येक वायरीला हात लावून बघितला, नळाला लावला, पाइपला लावला, कुठे म्हणून कुठे झिणझिणी नाही. रोशेल्डाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं, "पास आहे गं सगळं."

वीज आली. बोर्डात ते एक बटण असतं ना, कुठे गळती झाली की आपोआप पडणारं, ते पडलं. वर केलं, पडलं. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलं. सात वेळा. आठव्यांदा माझं डोकं फिरलं, पक्कड घेतली आणि त्याला वाटेतनं कायमचं काढूनच टाकलं. मग कसं शांत झालं. गिझर तापला, रोशेल्डा आंघोळीला गेली, नळाला हात लावला... आणि तुम्हाला सांगतो, त्या न्हाणीघराचं दार मी स्वतः बसवलेलं, ते दार बिजागऱ्यांसकट घेऊन ती बाहेर आली. थेट फ्रिजवर. मी धावलो, "लागलं का गं?" ती उठली, तिच्या हातात टॉवेलची दांडी उपटून आलेली, स्क्रू तसेच दांडीला लोंबत होते, आणि त्या दांडीनं पाठीत तीन, गुडघ्यावर एक, आणि एक जिथं सांगता येत नाही तिथं.

ते मी सोसलं. पण मग ती खाली बसली आणि रडायला लागली, ते मात्र सोसवलं नाही. एकतीस वर्षांचा संसार आहे हो. तिनं बॅग भरली आणि भावाकडे, आयव्हनकडे निघाली. दारात म्हणाली, "मी मेले असते, लेव्हलिन. वायरिंग ठीक असल्याचा शिक्का मारलेला कागद आण, मग येते."

रोज फोन करायचो. जेवलीस का? "कागद आण." मासळीच्या वड्यांत पाव किती घालायचा? "कागद आण." तुझी आठवण येते गं... जरा थांबली, म्हटलं विरघळली, तर म्हणे, "आधी कागद."

म्हणून वायरिंग तपासून असा कागद देणाऱ्या, त्याली नावाच्या परवानेवाल्या बाईंना बोलावलं. एवढीशी मूर्ती, हातात एवढी मोठी पेटी. आयव्हन आला बहिणीच्या बाजूनं साक्षीला. हा आयव्हन तरुणपणी रग्बीत पुढच्या फळीत खेळायचा, आता नुसती फळी राहिलीय. बाईंनी बोर्ड उघडला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"कुणी केलंय हे?"

"मी."

"दारू पिऊन?"

"नाही बाई, शुद्धीत."

"मग अवघड आहे," म्हणाल्या.

म्हटलं, अहो, दिसायला असू दे कसंही, हे बघा, आणि पाइप धरून दाखवला. लोडशेडिंगच चालू होतं ना तेव्हा! आयव्हननंही धरला. मी आपला सोडून बाजूला झालो. बाई ओरडल्या, "हात काढा." आयव्हन म्हणतो, "काही होत नाही बाई, दाजी म्हणतात ते खरं..." आणि वीज आली. दहा मिनिटं आधी. आमच्या जन्मात ती कधी वेळेवर आली नाही, त्या दिवशी आधी आली. एकशे दहा किलोचा आयव्हन उडून माझ्यावर, आम्ही दोघं टबात, आणि टबातच त्यानं मला धुतला. मधे एकदा श्वास घ्यायला थांबला, तोंड पुसलं, "माफ करा दाजी," म्हणाला आणि पुन्हा सुरू. बाईंनी मेन पाडला आणि हातोडा काढून उभ्या राहिल्या. "मेव्हण्यांचं आटोपलं की सांगा. मला भिंत फोडायचीय."

फोडली. बोर्डापासून टबापर्यंत सगळी. म्हणाल्या, "आता माझ्या नजरेखाली, पहिल्यापासून, तुमच्याच हातानं. मीटर लावून तपासेन, मगच सही." चार शनिवार! हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभ्या, चुकलो की त्याच्याच मुठीनं बोटांच्या पेरांवर.

"हिरवी-पिवळी वायर कुठे जाते?"

"जमिनीत."

टक्. "मोठ्यानं."

"जमिनीत, बाई!"

पण चौथ्या शनिवारी ते बटण एकदाही पडलं नाही. बाईंनी मीटर लावला, मान हलवली, सही केली, शिक्का मारला. सुजलेल्या बोटांनी कागद धरून मी धावत आयव्हनकडे. रोशेल्डानं तो दोनदा वाचला, शिक्क्यावर अंगठा घासून बघितला आणि बॅग उचलली. मी रडलो हो रस्त्यात, खोटं कशाला सांगू.

घरी आलो. न्हाणीघराच्या दारात थांबली. म्हणाली, "आधी तू."

तेव्हापासून अकरा महिने झाले. घरातलं प्रत्येक बटण मीच दाबतो. दिवा मी, किटली मी, तिच्या आधी नळ मी. कारखान्यात ओव्हरटाइम लागला तर ही अंधारात बसून राहते, पण बटणाला बोट लावत नाही. काल न राहवून विचारलं, "अगं, कागद मिळाला ना? भिंतीवर काचेत लावलाय ना?"

म्हणाली, "तो गिझरचा आहे. तुझा कुठाय?"

मी त्याली बाईंना फोन करून विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, माणसं आम्ही पास करत नाही.