खुर्च्यांचे हात

...तेच तर म्हणतोय मी, फी जास्त आहे हे कुणालाही कळेल, पण कशाच्या मानाने जास्त? — बसा ना, तुमच्या मुलाच्या प्रवेशाचा नंबर यायला वेळ आहे अजून. सोफा मऊ आहे, फीमध्येच धरला असणार. नात प्रयोगशाळा बघायला गेलीय, येईलच. तिला दोन्हीकडे प्रवेश मिळतोय — इथे, या खाजगी विद्यापीठात, आणि लांबच्या एका सरकारी कॉलेजात. रात्रभराचा प्रवास, पण फी अगदी नावाला. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही जन्मभर कॉलेजं तपासलीत, तुम्ही सांगाल तिथे जाते. घ्या! मला साधी भाजी निवडता येत नाही, भाजीवाला वैतागून स्वतःच पिशवी भरून देतो.

हो, तपासायचोच. प्राध्यापक होतो, त्यात मान्यता समितीवर. बाकीचे सभासद कागद बघायचे, मी आपला ग्रंथालयात जाऊन खुर्च्यांचे हात बघायचो. हसा, हसा, समितीही हसायची. पण मुलं जिथे खरोखर बसून वाचतात ना, तिथे पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. त्या सरकारी कॉलेजात जाऊन आलो मी — छत गळकं, पंखे कुरकुरतायत, पण खुर्च्या! नुसता हात फिरवत राहावंसं वाटलं. आणि इथे? मघाशी बघितलं — काचेची भिंत, गारेगार हवा, आणि खुर्च्यांवर अजून प्लास्टिक. कारखान्यातून आलं तसंच.

नवीन इमारत असेल, म्हणता? मीही स्वतःला तेच म्हणालो. मग म्हटलं, खुर्च्यांवरून कुठे शिक्षण ठरतं, याला आधार काय? माझं चुकतही असेल — बहुतेक वेळा चुकतंच. आणि नातीला काय सांगितलं? सांगितलं, की ग्रंथालय आज बंद आहे.

असं बघू नका. खोटं नाही ते... म्हणजे, खोटंच. पण हेही कॉलेज काही वाईट नाही. घरापासून चालत येता येतं. सकाळी जाईल, संध्याकाळी परत. मुलगा-सून बदलीच्या गावी, आमची ही गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. रोज चहाच्या वेळी विचारते, काय आजोबा, आज कशाची काळजी करायचं ठरलंय? मी सांगतो, ती खोडून काढते, मग कुठे माझा दिवस सुरू होतो. आता एवढ्यासाठी कुणी एवढी फी — नाही, नाही, फी शिक्षणासाठीच भरतोय मी, दुसरं काय...

बघा, बोलता बोलता कुठे आलो. तुम्हीही ऐकत राहता, मग माणूस घसरत जातो.

आलीच ती. — काय गं, झालं बघून? — नाही, पैसे नाही भरले. ऐक, ग्रंथालय उघडं होतं. अगं हो, रस्त्यात सांगतो सगळं. तुला एक जाड स्वेटर घ्यावा लागेल, तिकडे थंडी फार. — हसतेस काय? चल, आत्ताच घेऊन टाकू, उद्यावर नको. — अहो, तुम्ही कशाला उठताय? बसा, बसा. येतो आम्ही.