जुन्या जीपची ट्रायल

खडकीच्या गॅरेजात सायकलचं पंक्चर केव्हाच काढून झालं होतं, पण सृष्टी कसली हलतेय! शेजारच्या जीपपाशी जुंपली होती ना.

"साईनाथ, पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुश बसले?" दुर्गाबाईंनी मेकॅनिकला विचारलं. "उद्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत मीच चालवणारेय."

"बसले, काकू. आता स्टिअरिंग थरथरणार नाही."

"पुन्हा खोल रे," त्यांचे यजमान हिंमतराव म्हणाले. "बुशचं भोक ग्रीसच्या भोकासमोर आलं नसेल तर?"

"आलंय, काका. ग्रीस आत गेलंसुद्धा."

"मग आधी मी चक्कर मारतो."

"अहो, आधी क्लचचं निमित्त, मग बुशचं. आता काय, माझे गुडघे तपासणार? चावी द्या."

"बरं, मी शेजारी बसतो."

"मागे बसा. शेजारी बसलात की तुमचा पाय सारखा ब्रेक शोधतो."