पाऊण किलो पालक गेला कुठं?

नाही, मला एक सांगा, वाटी हे काय माप झालं? कोणाची वाटी? केवढी? सपाट की शीग लावून? चाळीस वर्षं भाजी विकली मी, कोणी वाटी घेऊन आलं असतं तर हाकलून दिलं असतं! वजन मागा, वजन घ्या. वजन खोटं बोलत नाही!

झालं काय, आमची ही पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये. पंधरा दिवस खानावळीचा डबा आला, हिनं दोन घास खाल्ले की झाकण. डॉक्टरांनी काट्यावर उभी केली, तर तीन किलो कमी! "बाबा, अशानं हाड कसं सांधायचं? आजींना पोटभर खाऊ घाला." तीन किलो, तुम्हाला सांगतो, म्हणजे दोन मोठे कोबी! एवढी बायको गेली कुठं?

माळ्यावरून तराजू काढला, ओट्यावर मांडला. म्हटलं, "सांग, सूप कसं करायचं?" ही स्टुलावरून म्हणते, "तीन वाट्या पालक, वाटीभर गाजर."

"वजनात सांग."

"अहो, मी काय बाजारात बसले होते?"

बरं. तीन वाट्या पानं भरली, उकळली... हिरवं पाणी! हिनं एक घोट घेतला. "पालक नुसता दाखवला का पाण्याला?"

"तीनच वाट्या म्हणालीस!"

"शिजलेल्या हो, शिजलेल्या!"

आता हे आधी सांगायला काय झालं होतं? दुसऱ्या दिवशी पाऊण किलो आणला. पातेलं ओसंडलं, झाकण बसेना, झाकणावर किलोचं वजन ठेवलं, पाच मिनिटांनी उघडतो तर... तळाला मोजून तीन वाट्या! झाकण उलटं करून बघितलं. ओट्यामागं बघितलं. लाज वाटते सांगायला, हिच्याकडंही संशयानं बघितलं! हजारो जुड्या विकल्या मी, पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पालक असा नाहीसा होतो, हे मला कोणी सांगितलं नाही!

"पाणी उडालं," ही म्हणते. "तुम्हीच मारलेलं असायचं, वजन भरायला."

"ताजेपणासाठी मारायचो!"

मग गाजर. शंभर ग्रॅम, नेमकं. मोठे तुकडे केले, वाटीवर शीग आली, दोन तुकडे हातात उरले. तेच बारीक चिरले, सगळे मावले. दुसरं शंभर ग्रॅम किसलं, तर दीड वाटी! वजन तेवढंच, ढीग तीन! मी नुसता बघत राहिलो. अहो, आयुष्य गेलं गाजरं तोलण्यात, आणि गाजर काय चीज आहे ते आत्ता कळतंय?

ही कंटाळली. डावा हात पुढं केला, किसातली मूठ उचलली, पारड्यात टाकली. "ही अर्धी वाटी." तोलली. परत काढली, दुसरी टाकली, न बघता! तेवढीच. तिसरी... काटा जागचा हलला नाही! डावा हात, बरं का. माझ्या अख्ख्या बाजारात असा हात नव्हता, आणि हा माझ्याच घरात चाळीस वर्षं पीठ मळत होता.

मी तराजू बाजूला सरकवला. म्हटलं, "तू मूठ टाक, मी ढवळतो."

त्या दिवशी हिनं वाडगा पुसून खाल्ला. रोज खाल्ला. महिन्यानं डॉक्टरांकडं काट्यावर उभी केली, अर्धा किलो वाढलेली! मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, "बघा! वजन खोटं बोलत नाही!"

बाहेर पडलो. चार पावलं चालल्यावर ही हळूच म्हणते, "अहो, गेल्या वेळी चपला काढल्या होत्या मी. आज घालूनच उभी राहिले. म्हटलं, तुम्ही एवढे राबलात..."

मी हिच्या चपलांकडं बघितलं. हिला कोणत्या तोंडानं खोटं म्हणू? चाळीस वर्षं पालकावर पाणी मारलंय मी!