सतरा वेळा किंचित घट

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या कारखान्याचे संचालक महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापकसाहेब आणि डॉक्टरसाहेब, सत्कारमूर्ती वस्ताद, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, आणि पत्र्याचे डबे करता करता केस पांढरे केलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सुरुवातीलाच एक आगाऊपणा करतोय. मी अध्यक्षांकडे पाठ आणि तुमच्याकडे खांदा करून उभा आहे. माइक मुद्दाम वळवून घेतलाय. वस्तादांना ऐकू येत नाही, ते ओठ वाचतात. माझ्याआधी तीन वक्ते बोलले, तिघंही तुमच्याकडे बघून. त्यांनी केलेल्या स्तुतीतलं एक अक्षर वस्तादांना कळलेलं नाही. ते हसत होते ते आपले सवयीनं.

मला तुम्ही सगळे डिक्शनरी म्हणता. कौतुकानं म्हणता, की मुख्य कचेरीला जाणारे इंग्रजी अहवाल मी लिहितो म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. शब्दांची आवड मला लहानपणापासूनच. आणि इंग्रजी ही मोठी मजेशीर भाषा बरं का! काका आणि मामा यांना मिळून एकच शब्द. पण काही कमी झालं, हे सांगायला? शब्दांची नुसती रांग! भांडं हातातून सुटावं तसं एकदम खाली आलं, तर ड्रॉप. धुतल्यावर सदरा आखडला, तर श्रिंक. पिंपातलं पाणी रोज थोडं थोडं करत तळाशी गेलं, तर ड्विंडल. कुणीतरी हातानं कमी केलं, तर रिड्यूस. आपोआप, वयोमानानं, कुणाचाही दोष नसताना उतरत गेलं, तर डिक्लाइन. आणि नुसता आकडा कमी झाला, बाकी काही विचारू नका, असं म्हणायचं असेल तर डिक्रीज. ही यादी मी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. नवीन येणाऱ्यांना हौसेनं दाखवायचो. आज त्या हौसेची मला शिसारी येते.

सांगतो का ते. आपल्या प्रेस विभागात दरवर्षी कानांची तपासणी होते. सिस्टर एकेकाला त्या बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन लावतात, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. कार्डावर एक रेघ उमटते. जितकं कमी ऐकू येतं तितकी रेघ खाली. त्या कार्डांवरून इंग्रजी अहवाल लिहायचा मी, तपासायचा डॉक्टरसाहेबांनी, आणि सही अध्यक्षांची.

पहिल्या वर्षी मी सरळ लिहिलं होतं, की यंत्रांच्या आवाजानं अकरा कामगारांची श्रवणशक्ती रिड्यूस केली आहे. व्यवस्थापकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, "अरे, तू एवढा शब्दांचा जाणकार. हे जरा सौम्य नाही का करता येणार? आणि तुलना मागच्या वर्षाशीच कर. फार मागे कशाला जायचं?" साहेब, आठवतंय ना? नका मान हलवू. मला आठवतंय तेवढं पुरे आहे.

मी काय केलं? विरोध केला? छे! मला तर स्फुरण चढलं. आपल्या ज्ञानाची कुणीतरी कदर केली ना! मी लिहिलं, 'मागील वर्षाच्या तुलनेत स्लाइट डिक्रीज.' किंचित घट. साहेब म्हणाले, "वा!" त्या एका 'वा'वर मी सतरा वर्षं जगलो. अशी माझी लायकी.

आणि लक्षात घ्या, ते खोटं नव्हतं. तीच तर त्यातली घाण आहे. मागच्या वर्षीच्या रेघेपेक्षा या वर्षीची रेघ खरंच जराशीच खाली असायची.

आता वस्तादांचं. प्रेसवर कानात घालायला बोळे मिळतात, पण वस्ताद एकच घालायचे. डावा कान उघडा. कारण साचा झिजायला लागला की प्रेसचा आवाज किंचित बदलतो, आणि तो या पूर्ण कारखान्यात एकट्या वस्तादांना कळायचा. साचा फुटायच्या आधी ते हात वर करायचे. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 'वस्तादांचा कान म्हणजे कान!' बोळा घाला, असं कुणी म्हणालं? एकानंही नाही. आपल्याला तो कान उघडाच हवा होता.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी वस्ताद माझ्या टेबलाशी आले. नियम असा आहे, की अहवालात 'लॉस', म्हणजे श्रवणहानी, हा शब्द आला तर माणसाला पॅकिंग विभागात, शांत जागी बदली मागता येते. पगार तोच. वस्ताद म्हणाले, "डिक्शनरी, मला घरात बोललेलं नीट कळेनासं झालंय. बदली मागू का? तुझ्या त्या इंग्रजीत काय लिहिलंय माझ्याबद्दल?" मी अहवाल काढला, बोट ठेवून वाचून दाखवलं आणि मराठीतही सांगितलं, "किंचित घट." त्यांचा चेहरा एवढा खुलला! म्हणाले, "मग ठीक आहे. तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार." आणि गेले परत प्रेसवर. आणखी सात वर्षं.

वस्ताद, तुम्ही 'मशीन बंद कर' अशी हाताची खूण करताय, ती दिसतेय मला. आज नाही बंद करणार.

गेल्या महिन्यात मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. माहिती हवी म्हणून मी वस्तादांची फाइल काढली आणि मी अहवाल लिहायला लागल्यापासूनची सतराही कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. पहिल्या कार्डावर रेघ वरच्या कडेला, शेवटच्या कार्डावर पार तळाला. आणि प्रत्येकाखाली माझ्या सुंदर अक्षरात तेच दोन शब्द.  

मग वस्तादांच्या घरी गेलो वहिनींना भेटायला. त्या म्हणाल्या, "भावजी, सहा वर्षं झाली, मी यांना हाक मारणंच सोडलंय. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवते. आणि भांडायचं असलं ना, तर आधी दिवा लावावा लागतो. दिवा लावेपर्यंत राग जातो." हसल्या. मीही हसलो. जिना उतरल्यावर मला माझ्या त्या हसण्याचीही किळस आली.

आणि आपण भेट काय आणलीय? ती पेटी दिसतेय ना टेबलावर? रेडिओ! उत्तम आवाजाचा! भेटवस्तू समितीत पाच जण होतो, मीही होतो. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. यांना ऐकू येत नाही हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं थोडंच आहे? आपण ते रोज बघत होतो, दरवर्षी फक्त थोडंसं.

अध्यक्ष महोदय, आता आपल्याकडे वळतो. घड्याळ बघू नका, संपवतोच. हा या वर्षीचा अहवाल. प्रेस विभागातले एकतीस जण. प्रत्येकाची तुलना मी त्याच्या पहिल्या कार्डाशी केली आहे. नऊ जणांपुढे 'लॉस' लिहिलंय. ते नऊ जण मागे भिंतीशी उभे आहेत, त्यातला सगळ्यात लहान सव्वीस वर्षांचा आहे. डॉक्टरसाहेबांनी सकाळी सही केली.  आपली सही झाली, की हे नऊ जण उद्यापासून पॅकिंगला बसू शकतील. नाही झाली, तर उद्या सकाळी पुन्हा प्रेसवर. हा कागद मी आपल्या टेबलावरही ठेवला असता, पण तिथून तो 'जरा सौम्य कर' म्हणून परत आला असता. म्हणून इथे, सगळ्यांसमोर देतोय.

आयोजकांनी मला बोलायला बोलावलं, त्यांचे आभार. पुन्हा बोलावणार नाहीत, त्याबद्दलही आभार. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

वस्ताद, तुमची मात्र माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल, आणि एवढी स्वस्त सुटका मला नको.

अध्यक्ष महोदय, आपण उठलात? बसा ना. उभ्यानं सही नीट येत नाही. मी इथेच थांबतो.