कारिनच्या गावचं गाणं

(तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली, १९९७. राजमच्या घरी नातेवाइकांची गाण्याची तालीम. शेजारच्या घरात तिचा थोरला भाऊ भीमसेन.)

राजम : थांबा, थांबा! अर्धे जण 'गार्टन' म्हणताय, अर्धे 'कार्टन'. अखिले, खरं काय?

अखिला : 'गार्टन', अत्ते. म्हणजे बाग. जर्मनमध्ये 'कार्टन' म्हणजे खेळायचे पत्ते.

राजम : अय्यो! म्हणजे आठवडाभर आपण नवरीला 'आमच्या पत्त्यांतून उठून निघालीस' म्हणतोय?

अखिला : मी तमिळ अक्षरांत लिहून दिलं ना, तिथे घोटाळा. तमिळमध्ये क आणि ग एकच. देवनागरीत लिहिलं असतं तर...

राजम : तर वाचलं कुणी असतं? आपण मराठी नुसती बोलतो, शाळेत शिकलो ती तमिळ अक्षरं. कमलाक्षी, हसू नको, सगळ्यांत मोठ्याने पत्ते तूच पिसत होतीस.

भीमसेन : राजम! हा आरडाओरडा कधी संपायचा? शेजारी माणसं राहतात.

राजम : ये अण्णा. माणसं कुठली, शेजारी तूच राहतोस. बस.

भीमसेन : बसायला नाही आलो.

अखिला : अप्पा, शुक्रवारी श्रीकरचं लग्न आहे. तोवर तरी...

भीमसेन : ठाऊक आहे. मुलगा माझा आहे.

राजम : आठवलं म्हणायचं! मुलगी जर्मन आहे कळल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीस. मांडवात पाऊल ठेवणार नाही म्हणालास.

भीमसेन : ते राहू दे. तिसऱ्या ओळीत तुम्ही मध्येच श्वास घेता. शब्द तुटतो.

अखिला : तुम्हाला काय माहीत?

भीमसेन : मधली भिंत ती केवढीशी! रोज कानावर येतं. तुम्ही लावता त्या कॅसेटमधला म्हातारा तिथे थांबत नाही.

अखिला : तो कारिनचा बाप, अप्पा. मुलीला सासरी पाठवताना त्यांचं सगळं गाव हे गातं. पण तो गेला. इथे तिची आई एकटीच येतेय. त्यांच्या बाजूने गाणारं कुणी नाही, म्हणून आम्ही गाणार.

भीमसेन : गेला? कधी?

अखिला : मागच्या थंडीत.

भीमसेन : आवाज चांगला होता. काय म्हणतो तो त्या ओळीत?

अखिला : 'जाशील तिथे तुझ्यासाठी कुणीतरी जागं असो.'

राजम : अण्णा, खालचा सूर धरायला आमच्यात कुणी नाही. वैद्यनाथचा घसा बसलाय.

भीमसेन : माझं काय काम त्यात.

राजम : सरी, ठीक. जा मग.

भीमसेन : ते 'फ्यूर' कसं म्हणायचं? तुम्ही प्रत्येक जण वेगळंच म्हणता.

अखिला : 'फ्यूर' म्हणजे 'साठी'. ओठ 'ऊ'चे करा, आणि आतून 'ई' म्हणा.

भीमसेन : ऊ... ऊई... ईऊ...

राजम : कॉफी फुंकतोयस काय रे?

भीमसेन : हसा! सगळे हसा! कमलाक्षी, तू पण? अरे, मलाच हसू आवरेना. थांबा. फ्यू... फ्यी...

अखिला : आलं! अप्पा, हेच!

राजम : चला, सगळे उभे राहा. अण्णा, मागे कुठे चाललास? इथे, पुढे. तिसऱ्या ओळीत श्वास नाही घ्यायचा, ऐकलंत ना? हं, एक, दोन...

अखिला : अत्ते, गाणं संपलं की. रडताय काय?

राजम : कोण रडतंय? आमचे अप्पा गेल्यापासून या घरात खालचा सा असा लागला नव्हता.

भीमसेन : श्रीकराला कुणी सांगायचं नाही.

राजम : नाही सांगत. मांडवात पहिल्या रांगेत दिसशील, तेव्हा कळेल त्याला.

भीमसेन : त्या बाई कधी येतात?

अखिला : उद्या सकाळी, मद्रासच्या गाडीने.

भीमसेन : स्टेशनवर मी जातो. विहिणीला जर्मनमध्ये काय म्हणतात गं?

अखिला : तसा शब्द त्यांच्यात कुणी वापरत नाही, अप्पा.

भीमसेन : नाही? मग आपला शिकवू त्यांना. हळूहळू, एकेक अक्षर.