ढकलणारं भूत

हॅलोवीनच्या संध्याकाळी लंडनमधल्या एजवेअरच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे मायलेकी होत्या. मुलीच्या व्हीलचेअरची पुठ्ठ्यांनी बग्गी केली होती. मागे पांढऱ्या कुडत्याचं भूत उभं केलं होतं. बाह्यांत पेपर कोंबून हातमोजे हँडल्सना बांधले होते.

"आई, रिअल वाटते ना? भूत मला ढकलतो."

"ढकलतं म्हण, मायरा. ते भूत."

"कुडत्याला अजून बाबाचा वास येते."

"येतो. वर्ष झालं त्याला जाऊन, पण धुववत नाही गं मला."

"आई, स्टॉप! ढकलू नको ना."

"मी कुठे ढकलतेय? माझे हात खिशात आहेत."

"मग तो ढकलतोय."

"ते, मायरा! किती वेळा सांगू? भूत ते असतं."

"भूत ते, माहितेय. पण बाबा तो ना?"